‘तसली गाणी’ ऐकणारी मुलगी

‘मॅडम, लेकरू हातचं चाललं. दिवसभर कानात वायर, अन् गाणी कसली, तर मला कुणाची गरज नाही म्हणायची.’ परभणीकडच्या आया माझ्याकडे समुपदेशनाला येऊन हे इतक्यांदा सांगतात, की काही घरांची मिळून एकच गोष्ट इथं सांगते.

मुलगी अकरावीत, आई कापूस वेचायला जाणारी. आईनं मोबाइल काढून घेतला, तर मुलगी मैत्रिणीच्या मोबाइलवर ऐकू लागली आणि घरात बोलेनाशी झाली. मी मोबाइल परत द्यायला लावला. रोज एकच गाणं, दहा मिनिटं. मुलीनं अर्थ मराठीत सांगायचा, आईनं मधे बोलायचं नाही. मग तीन प्रश्न: बोलणारी कोण, कुणाला बोलते, मागते काय?

घरी हे दोनदा फसलं. वडील शेजारी बसले की मुलगी वाद घालते आणि आई निकाल देते. म्हणून तिसऱ्यांदा दोघींनाच माझ्यासमोर बसवलं.

मुलीनं ‘रिस्पेक्ट’, म्हणजे ‘मान’, हे इंग्रजी गाणं आणलं. १९६५ मध्ये अमेरिकन गायक ओटिस रेडिंगनं ते लिहून गायलं, तेव्हा घरी येणारा पुरुष बायकोकडे मान मागत होता. १९६७ मध्ये गायिका अरेथा फ्रँकलिननं ते बाईच्या तोंडी घातलं. ‘रिस्पेक्ट’ या शब्दाचं एकेक इंग्रजी अक्षर सुटं करून म्हणणं तिचंच.

‘मम्मी, ती म्हणते, माझे पैसे तुलाच देते, घरी आलास की मान तेवढा दे.’

आई बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाली, ‘वेचणीचे पैसे मी बी ह्यांच्याच हातात देते की.’

‘मग मागत का नाहीस?’ मुलीला रडू फुटलं.

तिथं मला उमगलं, ही पोर स्वतःसाठी ऐकतच नव्हती. आईच्या वाटचं ऐकत होती. घरात सगळ्यांना दिसतं पण कुणी बोलत नाही, त्याला मुलं बाहेरून शब्द आणतात. आणि बाहेरून तरी कशाला? डोईचा पदर खांद्यावर आला तरी भरल्या बाजारात जाईन, हे आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंचंच म्हणणं.

सगळीच गाणी बळ देणारी नसतात. म्हणून मी चौथा प्रश्न जोडते: दुसऱ्या बाईला खाली दाखवून ही गाण्यातली बाई मोठी होते का? तो मात्र आईनं नाही, मुलीनं स्वतःला विचारायचा.

शब्द कसलेही असोत, झोप उडाली, जेवण तुटलं, मैत्रिणी सुटल्या आणि हे दोन आठवडे टिकलं, तर मोबाइल तपासत बसू नका, मुलीला घेऊन या.