वाचकांचे प्रश्न : व्याजदर कपातीच्या आधी शेअर घ्यावेत का?

प्रश्न : रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो रेपो दर पुढच्या पतधोरणात पाव टक्क्याने उतरणार असं सगळेच म्हणताहेत. माझी सहा लाखांची मुदत ठेव महिनाअखेर सुटते आहे. घोषणेच्या आधीच बँकांचे शेअर घेऊन ठेवू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : घेऊ नका, निदान या कारणासाठी तरी नको. सगळे म्हणताहेत तेवढी कपात भावात आधीच धरलेली असते. २०२५ सालचंच पाहा. ७ फेब्रुवारीला रेपो ६.५० वरून ६.२५ टक्क्यांवर आला. जवळपास पाच वर्षांनी झालेली ही पहिली कपात, तरी शेअर बाजाराचा निर्देशांक निफ्टी त्या दिवशी किंचित उतरूनच बंद झाला. ९ एप्रिलला आणखी पाव टक्का कमी झाला, तेव्हाही निफ्टी खाली, कारण अमेरिकी आयातशुल्काची धास्ती कपातीपेक्षा मोठी होती. ६ जूनला मात्र बाजाराने पाव टक्का धरला होता आणि मिळाला अर्धा. शिवाय बँकांचा सीआरआर (ठेवींचा जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो तो) टप्प्याटप्प्याने ४ वरून ३ टक्क्यांवर आणायचं ठरलं. निफ्टी एक टक्क्याने चढला. भाव हलतो तो अपेक्षा आणि निर्णय यांतल्या फरकावर.

त्यातही बँकांचे शेअर घेण्यात एक खोच आहे. समजा एका बँकेची १०० कोटींची कर्जं आहेत आणि त्यातली ६० कोटींची रेपोशी जोडलेली. रेपो अर्धा टक्का उतरला की तीन महिन्यांच्या आत या ६० कोटींचा दर बदलावा लागतो, म्हणजे वर्षाचं व्याज ३० लाखांनी घटतं. ठेवी मात्र जुन्या दरानेच चालू राहतात. प्रत्येक ठेव आपली मुदत संपल्यावरच स्वस्त होते. त्यामुळे कपातीनंतरच्या एक-दोन तिमाहीत बँकेचं व्याजाचं मार्जिन आक्रसतं आणि निकाल पाहून नवखा गुंतवणूकदार घाबरून विकतो. वाहनकर्ज देणाऱ्या वित्त कंपन्यांचं बरेचदा उलट असतं : कर्ज स्थिर दराने दिलेलं, स्वतःची उसनवारी बदलत्या दराची. किती कर्जं बदलत्या दराची आणि किती उसनवारी बदलत्या दराची, हे दोन आकडे वार्षिक अहवालात शोधा, मगच निर्णय घ्या.

कपात कशामुळे होते आहे हेही बघायला हवं. महागाई ४ टक्क्यांच्या लक्ष्याखाली आली म्हणून दर उतरणं वेगळं आणि २७ मार्च २०२० ला टाळेबंदीत रेपो एकदम पाऊण टक्क्याने कापावा लागला ते वेगळं. मागणीच आटली तर स्वस्त कर्जाने नफा वाढत नाही.

सहा लाखांपैकी पाच वर्षांत लागणारे पैसे शेअरमध्ये घालूच नका. उरलेले लिक्विड फंडात (अगदी अल्प मुदतीच्या रोख्यांच्या फंडात) ठेवून आठ-दहा महिन्यांत समान हप्त्यांनी इंडेक्स फंडात, म्हणजे निफ्टीसारख्या निर्देशांकातले शेअर घेणाऱ्या फंडात वळवा. पतधोरणाच्या तारखेकडे पाहून हप्ता मागेपुढे करू नका.

प्रश्न : मग दीर्घ मुदतीचा गिल्ट फंड (सरकारी रोख्यांचा फंड) जास्त सुरक्षित नाही का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पैसे बुडण्याचा धोका जवळपास नाही, पण भाव हलण्याचा आहे. फंडाच्या माहितीपत्रकात 'मॉडिफाइड ड्युरेशन' पाहा, म्हणजे व्याजदर हलल्यावर फंडाचा भाव किती हलतो तो आकडा. तो ७ असेल तर रोख्यांचा परतावा (बाजारातला व्याजदर) अर्धा टक्का उतरल्यावर जुन्या रोख्यांचे भाव चढून फंड साधारण साडेतीन टक्के वाढतो, आणि परतावा तेवढाच चढला तर तितकाच घसरतो. जून २०२५ मध्ये नेमकं हेच अनेकांना नडलं. रेपो कापतानाच रिझर्व्ह बँकेने धोरणाचा रोख 'अनुकूल'वरून 'तटस्थ' केला. पुढे फारशी कपात नाही असा अर्थ बाजाराने काढला आणि दीर्घ रोख्यांचा परतावा उलट वर गेला. करही लक्षात घ्या : १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा फंडाचा नफा कितीही वर्षं ठेवला तरी तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसारच करपात्र ठरतो.

प्रश्न : मी निवृत्त आहे. ठेवींचे दर उतरत असताना सगळे पैसे शेअरकडे वळवू का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. आधी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची ३० लाखांची मर्यादा वापरा. पैसे भरता त्या तिमाहीचा दर पाच वर्षं कायम राहतो, मधल्या कपातीने तो उतरत नाही.