वाचकांचे प्रश्न : ऐन सुट्टीतला विमानसंप आणि प्रवाशांचा राग

प्रश्न : २००९ च्या नाताळात ब्रिटिश एअरवेजच्या केबिन क्रूने पुकारलेला संप मला अजून आठवतो, कारण आमचा मुलगा त्याच आठवड्यात लंडनहून घरी यायचा होता. न्यायालयाने संप रोखला आणि आमचा जीव भांड्यात पडला. लोक इतके संतापतात हे ठाऊक असूनही कामगार संघटना नेमके सणाचेच दिवस का धरतात? आणि लोकमताचा अशा संपावर खरोखर काही परिणाम होतो का?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, हे त्यामागचे उघड कारण आहेच. फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी विमाने जमिनीवर राहिली, तर कंपनी तो तोटा निमूटपणे गिळते. नाताळच्या आठवड्यात तिला तो परवडत नाही. मात्र तुम्ही विचारलेल्या संपाच्या तारखांमागे कायद्याचाही हात होता आणि रागाच्या भरात ही बाजू सहसा कोणी पाहत नाही. ब्रिटनमध्ये त्या वेळी संपापूर्वी सभासदांचे टपालाने मतदान घ्यावे लागे. त्या वेळच्या नियमाप्रमाणे मतदानानंतर ४ आठवड्यांत संप सुरू झाला नाही, तर तो कौल बाद होत असे (दोन्ही बाजूंच्या संमतीनेच ही मुदत वाढवता येई), शिवाय कंपनीला ७ दिवस आधी नोटीस देणे बंधनकारक होते. ‘युनाइट’ या संघटनेने घेतलेल्या मतदानाचा निकाल १४ डिसेंबरला जाहीर झाला. त्यामुळे २२ डिसेंबर ही हाती येणारी जवळपास पहिलीच तारीख होती, आणि फार तर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत थांबता आले असते. असे असले, तरी २२ डिसेंबर ते २ जानेवारी असे सलग १२ दिवस काम बंद ठेवायला कोणत्याही कायद्याने सांगितले नव्हते. तो निर्णय संघटनेचा होता आणि माझ्या मते तो चुकीचा होता. सुमारे १० लाख प्रवाशांच्या बेतांवर त्याने पाणी पडणार होते. युनाइटच्या दोन सरचिटणीसांपैकी एक असलेल्या डेरेक सिम्पसन यांनीही १२ दिवस म्हणजे बहुधा अतीच झाले, असे जाहीरपणे कबूल केले होते.

आता वादाचे मूळ पाहू. कंपनीला २००८-०९ या वर्षात ४० कोटी पौंडांहून अधिक तोटा झाला होता आणि मुख्याधिकारी विली वॉल्श यांना खर्च कमी करायचा होता. नोव्हेंबर २००९ पासून लंडनच्या हीथ्रो विमानतळाहून सुटणाऱ्या लांब पल्ल्याच्या उड्डाणांवरील कर्मचारी १५ वरून १४ करण्यात आले. बाहेरून पाहणाऱ्याला एका माणसाने काय बिघडते असे वाटेल. विमानात त्याचा अर्थ असा, की जी वरिष्ठ व्यक्ती आजवर सगळ्या केबिनवर देखरेख करायची, तिने आता स्वतः जेवणाची ट्रॉली ढकलायची, आणि एखादा प्रवासी आजारी पडला की आधी हातातली ट्रॉली कुठे ठेवायची हा प्रश्न सोडवायचा. त्याखेरीज वेतन गोठवणे आणि नव्या भरतीला कमी पगारावर घेणे हेही मुद्दे होते. कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने खरी कळ इथे होती : संमती न घेता बदल लादला गेला होता. मतदानाला पात्र असलेल्या सुमारे १२,५०० जणांपैकी ८० टक्क्यांनी मत दिले आणि त्यातील ९२ टक्क्यांनी संपाच्या बाजूने कौल दिला. एवढा एकमुखी कौल केवळ दोन-चार पुढाऱ्यांच्या चिथावणीने मिळत नाही.

तरीही लोकमत विरोधात गेले, आणि त्याला सण हे एकच कारण नव्हते. मंदीचे दिवस होते, अनेकांच्या नोकऱ्या जात होत्या, आणि ब्रिटिश एअरवेजच्या केबिन क्रूला सरासरी मिळणारे वेतन प्रतिस्पर्धी व्हर्जिनच्या जवळपास दुप्पट असल्याचे आकडे वृत्तपत्रांतून झळकत होते. आपल्याकडे ऑक्टोबर २०१७ मध्ये ऐन दिवाळीत एसटीचा संप झाला, तेव्हा गावी निघालेले लोक स्थानकांवर ताटकळले, चिडलेही. पण एसटीच्या वाहकाचा पगार किती तुटपुंजा आहे हे त्यातल्या पुष्कळांना ठाऊक असल्यामुळे त्या रागात सहानुभूतीही मिसळलेली होती. विमानात हसतमुखाने पाणी देणारी व्यक्ती मात्र सुस्थितीत असणारच, असे प्रवासी गृहीत धरतो. अडचण दोन्हीकडे सारखीच असते. संप करणारा आपल्यापेक्षा बरा की वाईट स्थितीत आहे, या समजुतीवर रागाची धार ठरते.

तुमचा मुलगा घरी पोहोचला तो लोकांच्या संतापामुळे नव्हे, तर मतदार यादीतल्या घोळामुळे. स्वेच्छानिवृत्ती घेऊन संपापूर्वीच नोकरी सोडणाऱ्या शेकडो सभासदांनाही युनाइटने मतपत्रिका पाठवल्या होत्या. १७ डिसेंबरला उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती लॉरा कॉक्स यांनी या कारणावरून संपाला मनाई केली. ती सगळी मते वगळली असती, तरी निकाल बदलला नसता, हे साध्या वजाबाकीने कळते. पण लोकभावना न्यायालयात शिरलीच नाही, असेही म्हणता येणार नाही. अंतरिम मनाई देताना कोणाचे किती नुकसान होईल हे तोलावे लागते, आणि नाताळच्या १२ दिवसांतला संप वर्षातल्या जवळपास कोणत्याही अन्य काळापेक्षा कंपनीला आणि जनतेला अधिक हानिकारक ठरेल, हे न्यायमूर्तींनी निकालात नोंदवले होते.

परिणामाबद्दल विचारता, तर पुढचा घटनाक्रमच उत्तर देतो. संघटनेने पुन्हा मतदान घेतले, पण ईस्टरच्या सुट्टीत संप करणार नाही, असे तिने या वेळी आधीच जाहीर केले. लोकमताने मिळवलेली ही एवढीच, पण खरी सवलत. संप टळला मात्र नाही. मार्च २०१० मध्ये ७ दिवस आणि मे-जूनमध्ये प्रत्येकी ५ दिवसांचे तीन असे एकूण २२ दिवस काम बंद राहिले, आणि कंपनीला सुमारे १५ कोटी पौंडांचा फटका बसला. युनाइटच्या देणग्यांवर आपला मजूर पक्ष चालत असूनही निवडणुकीच्या तोंडावर पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी मार्चमधल्या संपाचा कडक शब्दांत निषेध केला. वॉल्श यांनी इतर खात्यांतल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन केबिनमध्ये उभे केले, बाहेरून विमाने भाड्याने आणली आणि संपकऱ्यांच्या सवलतीच्या प्रवासाची सोय काढून घेतली. हीथ्रोपासून दूर राहून त्या सवलतीवर कामाला येणाऱ्यांना ही शिक्षा फार लागली, आणि मूळ प्रश्न बाजूला पडून तीच भांडणाची नवी गाठ झाली. समेट व्हायला २०११ चा जून उजाडला. संपाच्या तारखा लोकमतामुळे बदलल्या, मूळ भांडण मात्र त्याने तसूभरही हलले नाही.

प्रश्न : मे २०२४ मध्ये मुलांच्या सुट्टीत आमचे आखाती देशाचे विमान ऐन वेळी रद्द झाले. त्या वेळी एअर इंडिया एक्स्प्रेसचे कर्मचारी एकदम आजारी पडल्याच्या बातम्या होत्या. हा संप म्हणायचा का? आम्हाला भरपाई मागता आली असती का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : व्यवहारात तो संपच होता. कंपनीच्या विलीनीकरणातून निर्माण झालेल्या तक्रारींवर केबिन क्रूचे अनेक जण एकाच वेळी आजारपणाच्या रजेवर गेले. कंपनीने काहींना बडतर्फ केले, ९ मे रोजी दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांपुढे बैठक झाली आणि बडतर्फी मागे घेतल्यावर मंडळी कामावर परतली. विमान वाहतूक ही १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात सार्वजनिक उपयुक्त सेवा मानली गेली होती, त्यामुळे संपाची आगाऊ नोटीस आवश्यक होती. रजेचा मार्ग याच अटीला वळसा घालण्यासाठी निघाला. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजाही संप ठरते. आजारपणाची रजा त्यात बसते की नाही, हा वाद वकिलांना बराच काळ पुरेल.

मला ही पद्धत प्रवाशाच्या दृष्टीने उघड संपापेक्षा वाईट वाटते. ब्रिटनमधल्या प्रवाशाला निदान आठवडाभर आधी तारीख कळली होती. तुमच्यासारख्यांना ती विमानतळावरच्या फलकावर कळली, आणि ज्यांच्या व्हिसाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती त्यांचे तर फारच हाल झाले. भरपाईबाबत मात्र निराशा आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत संप आणि कामगार विवाद हे कंपनीच्या आवाक्याबाहेरचे कारण मानले आहे, त्यामुळे तिकिटाचे पैसे परत किंवा पर्यायी उड्डाण यावर तुमचा हक्क होता, वेगळ्या भरपाईवर नव्हता. युरोपीय न्यायालयाने याच्या नेमके उलट, स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा संप हा कंपनीच्या कारभाराचाच भाग असल्याचे २०२१ मध्ये ठरवले. आपल्याकडेही नियम तसा बदलला, तर सुट्टीच्या आधी वाटाघाटी उरकण्याची घाई कंपन्यांनाच होईल.

प्रश्न : संपाची बातमी आली की तिकीट लगेच रद्द करावे का?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : करू नये. तुम्ही स्वतः रद्द केले, तर रद्द करण्याचे शुल्क तुमच्या माथी बसते; कंपनीने उड्डाण रद्द केले, तर पूर्ण पैसे किंवा दुसरे विमान देणे तिला भाग असते. नाताळ २०१६ मध्येही ब्रिटिश एअरवेजच्या केबिन क्रूच्या एका गटाने संपाची नोटीस दिली होती आणि ती अगदी तोंडावर स्थगित झाली. त्यामुळे घाईने तिकीट रद्द करणाऱ्यांचे पैसेही गेले असते आणि सुट्टीही. कंपनीचा संदेश येईपर्यंत थांबा, मात्र पुढचे हॉटेल आणि रेल्वेचे आरक्षण शक्यतो परतावा मिळेल असेच करा.