भरतकाम : कला की नुसतं काम?

प्रश्न असा आला आहे. सांगलीतल्या एका प्रदर्शनात विचारणाऱ्यांच्या आईंनी भरलेला कसुतीचा (कर्नाटकातलं, धागे मोजून करायचं भरतकाम) तुकडा ‘हस्तकला’च्या टेबलावर गेला आणि नातवाचं जलरंगातलं चित्र ‘कला’ विभागात लागलं. आई म्हणाल्या, ‘माझं ते काम आणि त्याची ती कला व्हय?’ तर मराठीत भरतकामाला कला म्हणणं चुकीचं आहे का?

अजिबात नाही. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांच्या यादीत गीत, वाद्य, नृत्य, आलेख्य (म्हणजे चित्र) यांच्याच ओळीत ‘सूचीवानकर्म’ आहे. सूची म्हणजे सुई. त्याच यादीत पोपट-मैनेला बोलायला शिकवणं आणि मेंढे-कोंबडे झुंजवणंही आहे, तेव्हा त्या पंगतीत बसल्याचा फार तोरा मिरवायलाही नको. पण ‘कला’ या शब्दाला सुईचं वावडं नव्हतं, एवढं नक्की. चित्र-शिल्पाची कला वरच्या पायरीवरची, ही समजूत इंग्रजी अमदानीतल्या कलाशिक्षणाबरोबर रुजली (मुंबईचं जे. जे. स्कूल १८५७चं). उरलेल्यांसाठी मग ‘हस्तकला’. जशी काही चित्रं पायानं काढतात!

आईंचा टोला मात्र बरोबर जागी बसला आहे, कारण शब्दातच ‘काम’ आहे. शिवणकाम, विणकाम, भरतकाम एका बाजूला. चित्रकला, नृत्यकला, वक्तृत्वकला दुसऱ्या बाजूला. बाई रोज घरी करते तो स्वयंपाक, आणि तोच मांडवात स्पर्धेला मांडला की पाककला. पदार्थ तोच, मीठही तेवढंच. म्हणजे शब्द ठरतो तो वस्तूवरून नाही, ती कुठे आणि कोणासमोर मांडली यावरून.

‘कला’ला मानाचा शब्द समजण्याआधी हेही बघा: कलावंत म्हटलं की शाल-श्रीफळ, आणि ‘कलावंतीण’ म्हटलं की लोक माना वळवत. ‘कसबी’ माणूस म्हणजे हातचा पक्का, ‘कसबीण’ ही शिवी. दोन्ही शब्द बायकांपर्यंत पोचेस्तोवर नासले. आमच्या आत्यांच्या पिढीनं आपल्या सुईला बिनधोक ‘काम’ म्हटलं, त्यात हेही कारण असेल, असा माझा आपला तर्क.

‘चित्रकार स्वतःचं काढतो, भरणारी ठरलेले नमुने भरते’ असा एक युक्तिवाद हमखास येतो. मिरजेच्या जवळ राहणाऱ्यानं तरी तो करू नये. अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या बंदिशी गायले. त्यांना कोणी कारागीर म्हटलं नाही. त्याच गावात भोपळा पारखून तंबोरा घडवणाऱ्याला मात्र आपण कारागीरच म्हणतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी शब्द तोच राहिला. आणि गंमत म्हणजे तिथे ‘कारागीर’ हा शब्द कमीपणाचा वाटत नाही.

आता कसुती. इथे कापडावर नमुना छापून घ्यायचा नसतो. बाकीच्या बऱ्याचशा भरतकामाला टोचलेला कागद कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ फिरवतात, ठिपके उमटतात, त्यावरून टाका घालायचा. कसुतीत कापडाचे धागे मोजत जायचं. आमच्या आत्या इरकलीच्या पदरावर तुळशीवृंदावन भरायच्या तेव्हा ओठ हलायचे. मधे कोणी हाक मारली की आधी ‘थांब’ असा हात, मग ओ. गवंती टाक्यात एकदा जाताना एक घर सोडून एक भरायचं आणि परत येताना सुटलेली घरं. गाठ कुठेच मारायची नाही. बघायला आलेली शेजारीण सुलट बाजू बघायचीच नाही, थेट पदर उलटा करायची. दोन्हीकडे सारखं दिसलं तर म्हणायची, ‘हातात कला आहे हो!’ बघा, बोलताना ‘कला’ आलीच. फक्त ‘हातात’. ‘अंगात कला आहेत’ म्हटलं की अर्थ पार बदलतो!

जाता जाता, कसुती, कशिदा आणि कसब यांचा एकमेकांशी संबंध नाही, कानाला कितीही वाटला तरी. कसुतीची फोड कन्नडमध्ये ‘कै’ म्हणजे हात आणि सूत अशी सांगतात. कशिदा फारसी, ‘ओढणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून. कसब अरबी, मूळ अर्थ कमाई.

तेव्हा पुढच्या वेळी चिठ्ठीवर ‘कला’ही नको, ‘हस्तकला’ही नको. ‘कसुती भरतकाम’ लिहा आणि खाली आईंचं नाव. मात्र तुकडा चौकटीत बसवणार असाल तर मागे पुठ्ठा ठोकू देऊ नका. दोन्हीकडून काच लावायला सांगा.