झिलई, मुलामा आणि ओप

प्रश्न असा आहे: धातूच्या ‘पॉलिश’ला झिलई म्हणावं की मुलामा? आणि घासल्यावर तर ओरखडे पडतात, मग धातू गुळगुळीत होतो कसा?

मुलामा नक्कीच नाही. मुलामा वरून चढवतात. कल्हईही त्यातलीच: तापवलेल्या पातेल्यात नवसागर टाकून कथील फिरवलं की ते आतून धरतं. दोन्हींत धातूवर भर पडते. पॉलिश करताना धातू झिजतो.

आणि ओरखडे पडतातच, त्यांच्याशिवाय काम होत नाही. कानस मारून झाली की ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, ४००, ८००. नंबर चढतो तसा दाणा बारीक होतो. प्रत्येक कागद आधीचे खोल ओरखडे खरवडून काढतो आणि जागी आपले उथळ ओरखडे ठेवतो. म्हणून कागद बदलला की घासायची दिशाही काटकोनात बदलायची. मागचा एखादा ओरखडा उरला असेल तर आडवा उठून दिसतो. शेवटी बफवर, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर, ते ओरखडे इतके बारीक होतात की प्रकाशाच्या तरंगलांबीपुढे, म्हणजे मिलिमीटरच्या साधारण दोन हजाराव्या भागापुढे, नगण्य ठरतात. प्रकाश विखुरायचा थांबतो आणि धातूत चेहरा दिसू लागतो. काच घासण्याबद्दल न्यूटनने १७०४ साली हेच लिहिलं होतं: पूड कितीही बारीक घ्या, ती ओरखडूनच काम करते.

‘झिलई’ अरबी ‘जिला’वरून आली, जुनं रूप जिल्हई. पण हे नाव चकाकीचं आहे, ती आणायच्या रीतीचं नाही. चिनी मातीच्या बरणीवरचा काचेसारखा थरही झिलईच, आणि तो तर वरून दिलेला असतो. त्यामुळे धातूसाठी मी ‘घासून झिलई आणणे’ असं लिहीन. घासणाऱ्यालाही आपल्याकडे नाव आहे, शिकलगार. अरबी ‘सैकल’ म्हणजे घासून लखलखीत करणारा, त्यातून तलवारींना धार आणि पाणी देणारा शिकलगार आला. सांगली-कोल्हापूरकडे ते आडनाव म्हणून आजही भेटतं.

माझा सगळ्यात आवडता शब्द ‘ओप’, म्हणजे दाबून आणलेली चकाकी. सोन्यावर अकीकाचा गुळगुळीत दगड दाबून फिरवला की उंचवटे दबतात, खाचा बुजतात. सोनं मऊ, म्हणून हे जमतं. इथे वरून काही चढत नाही आणि सोनं झिजतही नाही.

चिंच लावून घासलेली समई मात्र ‘उजळते’. चिंचेच्या आंबटपणाने वरचा काळपट थर सुटतो, खालचं पितळ जितकं खरबरीत होतं तितकंच राहतं.