खिंडीपेक्षा घळीचा माथा बरा

प्रश्न : आम्ही मॅडिसनला राहतो. हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला, हरणाच्या शिकारीचा परवानाही काढला. शेतमालकांशी ओळख नाही, त्यामुळे नोव्हेंबरात नैऋत्य विस्कॉन्सिनच्या सरकारी जंगलातच बसेन. नकाशावर सगळ्या टेकड्या सारख्याच दिसतात. जागा कशी निवडू?
– एक वाचक

उत्तर : तुम्ही जाताय तो ड्रिफ्टलेस प्रदेश. हिमनद्यांनी आजूबाजूचा मुलूख रंधा मारल्यासारखा केला, हा भाग मात्र सुटला आणि डोंगरमाथ्यांच्या अरुंद धारा, खोल घळी टिकल्या. अशा जमिनीत हरणाला चालायला ठरावीकच वाटा उरतात. त्या नकाशावर सापडतात.

यूएसजीएसचा (अमेरिकेची सरकारी भूसर्वेक्षण संस्था) १:२४,००० चा नकाशा घ्या. धारेवरच्या दोन उंचवट्यांमधली खिंड आधी शोधा. हरीण चढ वाचवायला तिथूनच पलीकडच्या घळीत उतरतं. मग उतारावर समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) एकदम विरळ होतात तो पदर, म्हणजे उतारातला सपाट पट्टा, पाहा. आणि घळीचा माथा. घळ फार उभी असेल तर हरीण ती मधूनच ओलांडत नाही, माथ्यावरून वळसा घेतं. मी स्वतः खिंड सोडून इथेच बसते, कारण वारा घळीकडे वाहत असला की माझा वास त्या उभ्या कड्यात जातो, हरणाच्या वाटेवर येत नाही.

वाऱ्याचा विचार नसेल तर उत्तम जागाही वाया जाते. पश्चिमेचा वारा असेल तेव्हा नर बहुधा धारेच्या पूर्व उतारावर, माथ्याच्या जरा खाली, डोंगराच्या सोंडेच्या टोकाला बसतो. मागून येणारं नाकाला कळतं, खालून येणारं डोळ्यांना दिसतं. त्याच्यापर्यंत वास न पोहोचवता जागेवर जाता येत नसेल, तर ती जागा सोडा.

शांत हवेतही वास वाहतोच. उतारावर ऊन पडलं की हवा वर चढते. संध्याकाळी गार होऊन घळीत उतरते. म्हणून ऊन वर आल्यावर वाटेच्या वर बसावं, संध्याकाळी वाटेच्या खाली. पहाटे मात्र हवा खालीच वाहत असते, हे नवशिके विसरतात. मिल्कवीडच्या बोंडातला कापूस खिशात ठेवा (आपल्या रुईच्याच कुळातलं झाड आहे) आणि अधूनमधून एकेक तंतू सोडून पाहा. तो कुठे जातो ते नीट बघा, पन्नास पावलांवर तो वळलेला दिसेल.

बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातला चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी सुरू होतो. त्या सकाळी गाड्या लावायच्या जागेपासून माणसं आत येऊ लागतात आणि हरणं त्यांच्यापासून दूर सरकतात. तेव्हा रस्त्यालगतची देखणी खिंड दुसऱ्याला देऊन टाका, आडबाजूची घळ धरा.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. धारेवर आकाशाला भिडून उभ्या असलेल्या हरणावर गोळी झाडू नका. पलीकडच्या उतारावर कोण बसलंय ते दिसत नाही. मागे डोंगराची माती येईल अशीच बैठक निवडा. ऑक्टोबरात एकदा दिवसाउजेडी जाऊन ती तपासा, आणि वायव्य व दक्षिण वाऱ्यासाठी वेगवेगळ्या जागा नक्की करून ठेवा.