नोकरी इंदूरला, घर देवासला: लहान मुलं असताना जमतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी इंदूरच्या विजयनगरला, इंदूरमध्येच सुदामानगरात भाड्याच्या दोन खोल्या, मुलगी तीन वर्षांची, मुलगा पाच महिन्यांचा. भाड्याएवढ्याच हप्त्यात देवासला अंगण असलेलं घर मिळतंय. जावं का?

आम्ही २०१६ च्या मे महिन्यात हेच केलं, इंदूरच्या लोकमान्यनगरातून. थोरली तेव्हा चार वर्षांची होती, धाकटा सात महिन्यांचा. नवऱ्याचं ऑफिस तुमच्यासारखंच विजयनगरला. आम्ही अजून देवासलाच आहोत, तेव्हा उत्तर तुम्हाला कळलंच असेल. पण पहिली दोन वर्षं मी दर आठवड्याला ‘परत जाऊ’ म्हणत होते, तेही सांगायला हवं.

आधी प्रवासाचं उरकते. सगळे तेच विचारतात, आणि खरं तर त्यात फार काही नाही. अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटर. विजयनगर देवासच्याच बाजूला आहे, हे तुमचं नशीब. क्षिप्रा, डकाच्या, मांगलिया ही गावं करत बस येते आणि रसोमा चौकाच्या आसपास उतरवते. लोकमान्यनगरातून निघून अख्खं शहर कापत विजयनगर गाठायला नवऱ्याला पाऊण तास लागायचा, देवासहून तास-सव्वा तास. फरक फार तर अर्ध्या तासाचा. ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला राजेंद्रनगरला किंवा त्याही पलीकडे पीथमपूरला असतं, तर मी इथेच ‘नको’ म्हणून उत्तर संपवलं असतं. रेल्वेही आहे, बरलाई-मांगलियावरून इंदूरला येते आणि पास स्वस्त पडतो. पण इंदूर स्टेशनवरून परत विजयनगरला यायचं म्हणजे द्राविडी प्राणायाम.

एक गंमत तुमच्या लक्षात येईल. सकाळी रस्त्यावर खरी गर्दी उलट्या दिशेची असते. देवासच्या कारखान्यांत काम करणारे कितीतरी जण राहतात इंदूरला आणि कंपनीच्या बसने रोज देवासला येतात. म्हणजे ज्यांची रोजीरोटी देवासला आहे, तेही घर इंदूरला ठेवतात. आम्ही मात्र उलटं केलं. सासूबाईंना हे काही केल्या पटेना. मग एक दिवस त्यांनीच स्वतःची समजूत घातली: "कुमारजी नाही का गेले देवासला? तिथे राहून जगभर गायले. याला विजयनगरपर्यंत जाता येणार नाही होय?" कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाच्या आजारात कोरड्या हवेसाठी देवासला आले आणि १९९२ मध्ये जाईपर्यंत तिथेच राहिले, हे खरं आहे. पण त्यांना रोज सकाळी साडेनऊला हजेरी लावायची नव्हती, हे मी सासूबाईंना बोलले नाही.

रस्ता मात्र लहरी आहे. २०२५ च्या जूनअखेरीस वाटेवरच्या अर्जुन बरोदा गावाजवळ पुलाचं काम, पाऊस आणि वळवलेली वाहतूक असं सगळं एकत्र आलं. दिवस उलटला तरी जाम सुटला नव्हता, देशभर बातमी झाली. नवरा त्या रात्री इंदूरला नणंदेकडे राहिला. तेव्हापासून तिच्याकडे त्याचे दोन शर्ट आणि एक दाढीचं सामान कायमचं आहे. तुमचंही कुणी इंदूरला असेल, तर ही सोय पहिल्या महिन्यातच करा. आणि दलाल ‘मेट्रो येणार’ म्हणाला तर हसून सोडून द्या. २०२५ मध्ये मेट्रो सुरू झाली ती विमानतळाकडच्या सुपर कॉरिडॉरवर, ती बाजूच वेगळी.

आता जे मला कुणी सांगितलं नव्हतं, ते.

रोजचा प्रवास नवऱ्याने केला, पण गाव मी बदललं. तो सकाळी साडेआठला घरातून निघून त्याच ऑफिसात, त्याच मित्रांत, त्याच चहाच्या टपरीवर जात होता. संध्याकाळी येऊन अंगणात खुर्ची टाकून म्हणायचा, "काय मोकळं वाटतं नाही?" त्याला वाटायचंच मोकळं. माझं मात्र सगळं लोकमान्यनगरात राहिलं होतं. सासूबाई दोन गल्ल्या पलीकडे. खालच्या मजल्यावरच्या काकूंना नुसती हाक मारली की तान्ह्याला घेऊन बसायच्या. औषधाच्या दुकानातल्या माणसाला थोरलीला कुठलं सिरप चालत नाही ते तोंडपाठ होतं. या सगळ्याचं भाडं मी कधी मोजलंच नव्हतं. दोन खोल्यांचे दहा हजार देत होतो, तेवढंच हिशोबात धरलं.

दुसऱ्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारचे अडीच वाजले असतील. धाकटा ओट्याच्या कडेवर आपटला आणि हनुवटी फाटली. रक्त थांबेना. नवरा विजयनगरला. निघाला असता तरी सव्वा तास. मला तेव्हा गाडी चालवता येत नव्हती आणि आमच्या कॉलनीत दुपारी रिक्षा फिरकत नसे. थोरली भेदरून दारात उभी. शेवटी समोरच्या घरातल्या भाभीजींनी आवाज ऐकला. त्यांचे यजमान बँक नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. वर्षभरात आमचं हसण्यापलीकडे बोलणं झालं नव्हतं. त्यांनी काही न विचारता स्कूटी काढली, मला धाकट्यासकट मागे बसवलं आणि आपल्या यजमानांना हुकूम सोडला, "बिटिया को देखो." चार टाके पडले. नवरा पावणेसहाला पोचला, तेव्हा धाकटा टाक्यांसकट पोहे खात होता.

भांडण झालं त्या रात्री. नवरा म्हणाला, मी इंदूरमध्ये असतो तरी ऑफिसातच असतो ना? बरोबर होतं त्याचं. मलाही उत्तर देता येईना. पुढच्या आठवड्यात भाभीजींनी मला कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर स्कूटी शिकवली. दोनदा पडले. तिसऱ्या आठवड्यात मी एकटी भाजी घेऊन आले आणि त्या दिवसापासून ‘परत जाऊ’ हळूहळू बंद झालं. माझ्या मते आम्ही देवासला खरे राहायला आलो ते त्या दिवशी, २०१६ च्या मे महिन्यात नव्हे.

म्हणून तुम्हाला पहिला प्रश्न: दुपारी तीन वाजता देवासला कोण असणार आहे, आणि त्या माणसाला गाडी येते का? तुम्ही प्रश्नात पत्नीबद्दल एक शब्दही लिहिलेला नाही. त्या नोकरी करतात का, त्यांचं माहेर कुठे, कुठलीच माहिती नाही. त्याही इंदूरला नोकरीला जाणार असतील, तर दोघंही तासाभराच्या अंतरावर आणि मुलं इथे. त्यात आजी-आजोबा सोबत येणार नसतील, तर माझं सरळ ‘नाही’ आहे. पाळणाघराची सोय मोठ्या शहरात जशी मिळते तशी इथे धरून चालू नका.

पैशाचं म्हणाल तर इंदूरला घर घेण्यापेक्षा वाचतात, पण दलाल सांगतो तेवढे नाहीत. आमचा हप्ता चौदा हजार बसला. प्रवासाचे महिन्याला तीन-साडेतीन हजार. दुसरी गाडी घ्यावीच लागली. शिवाय पहिल्या वर्षी दर शनिवारी आम्ही इंदूरला पळायचो. सासूबाई, सराफा, मुलांचे कपडे, कशाला ना कशाला. त्या फेऱ्या कमी झाल्या तेव्हाच खरी बचत दिसू लागली. अंगण मात्र शंभर टक्के वसूल झालं. धाकटा त्यात चालायला शिकला.

घर घेताना कागद नीट बघा, इथे लोक फसतात. डायव्हर्शन (म्हणजे जमीन बिगरशेती) झालेलं आहे का, टाउन अँड कंट्री प्लॅनिंग खात्याचा नकाशा मंजूर आहे का, कॉलनी रेरात नोंदलेली आहे का, आणि मुख्य म्हणजे ती नगर निगमकडे, म्हणजे महापालिकेकडे, हस्तांतरित झाली आहे का. शेवटचं कुणी विचारत नाही. हस्तांतरण झालेलं नसेल तर रस्ता, दिवे, नाली सगळं कॉलनायझरच्या, म्हणजे कॉलनी पाडणाऱ्या बिल्डरच्या, मर्जीवर. आमच्याकडे तीन वर्षं रस्त्यावरचा एक दिवा लागत नव्हता आणि निगममध्ये गेलं की ते म्हणायचे, कॉलनी आमची नाही. नोटरीवर मिळणाऱ्या स्वस्त प्लॉटकडे तर बघूसुद्धा नका. रजिस्ट्री आणि नामांतरण (कागदोपत्री आपलं नाव लागणं) झालं की मगच घर आपलं.

आणि पाणी. तुम्ही इंदूरचे, १९७८ पासून नर्मदेचं पाणी पिणारे, तुम्हाला याची कल्पना येणार नाही. देवासची तहान जुनी आहे. १९९० च्या एप्रिलमध्ये इंदूरहून रेल्वेने टँकर भरून इथे पाणी आणावं लागलं होतं. इथले म्हातारे लोक ती रेल्वे अजून सांगतात. आता परिस्थिती तशी नाही. २०१४ मध्ये नर्मदेचं पाणी क्षिप्रा नदीत आलं, आणि जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी शेतात हजारो तलाव खोदले. पण नव्या कॉलन्या अजून बोअरवर चालतात आणि मेमध्ये बोअर खोकायला लागतो. तान्हं मूल घरात असताना आठवड्यातून दोनदा टँकरची वाट बघणं काय असतं, ते लंगोट धुणाऱ्याला विचारा. घर दाखवणाऱ्याला ‘पाणी आहे का’ विचारू नका. शेजारच्या बाईला विचारा, मेमध्ये टँकर किती आले.

शाळांचं मला फार वाईट वाटत नाही. आठवीपर्यंत देवासला चांगलं चालतं. वर्ग लहान, शाळा घरापासून दहा मिनिटांवर, आणि शिक्षिका भाजीबाजारात भेटतात. पुढे मात्र ओढ इंदूरकडेच. आमची थोरली आता अकरावीच्या क्लासचं बोलायला लागली आहे आणि इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या क्लासेसची नावं घेते. म्हणजे आणखी दोन वर्षांनी कदाचित आमच्या घरातून रोज दोन माणसं बस धरतील. तुमची मुलगी तीनच वर्षांची आहे, तुम्हाला अजून बारा-तेरा वर्षं आहेत.

डॉक्टरांचंही तसंच. ताप, खोकला, लसी, टाके इथे होतं. पण थोडं वेगळं काही निघालं की पहिलं वाक्य ‘इंदूर दिखा लो’. बाळाला काही जुना त्रास असेल, महिन्यातून दोनदा तपासणी लागत असेल, तर एक-दोन वर्षं थांबा.

मराठीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मी सांगणारच. देवास म्हणजे मराठी माणसांचं गाव असं आपण इंदूरला बसून समजतो. पवारांची दोन राज्यं एकाच गावात, थोरली पाती आणि धाकटी पाती, टेकडीवर तुळजाभवानी. ते सगळं आहे. पण ते जुन्या गावात. आपल्याला परवडतं ते घर नव्या कॉलनीत, आणि तिथे मुलांच्या कानावर पडते माळवी वळणाची हिंदी. लोकमान्यनगरात थोरली जिन्यात खेळता खेळता मराठी शिकली. धाकट्याला मला ठरवून शिकवावी लागली, आणि तरी तो "आई, मी चालला जातो" म्हणतो. (इंदूरकर यावर हसतील, पण इंदूरकरांचं मराठी काय फार सोवळं आहे?) आम्ही एक केलं: गणपतीचे दहा दिवस मुलांना जुन्या गावात नेत राहिलो. तिथे ओळखी झाल्या, आरत्या पाठ झाल्या. इंदूरच्या ‘सानंद’ या मराठी संस्थेच्या नाटकांना मात्र आम्ही मुकलो. प्रयोग संपवून दोन झोपलेली मुलं घेऊन रात्री ए. बी. रोडवरून (आग्रा-मुंबई रस्ता) ट्रकांच्या रांगेत परत येणं दोनदा केलं, तिसऱ्यांदा नाही. मुलं मोठी झाल्यावर आता पुन्हा जाऊ लागलो आहोत.

नवरात्रात टेकडीच्या बाजूला घर नको, एवढं लक्षात ठेवा. माता आपल्या आहेत, पण त्या दिवसांत स्वतःच्या घरी गाडी नेणं मुश्किल.

मी तुमच्या जागी असते तर लगेच घर घेतलं नसतं. एप्रिल ते ऑगस्ट इथे भाड्याने राहिले असते. त्यात बोअर आटतो, शाळा सुरू होतात, पाऊस लागतो आणि रस्ता काय करतो तेही कळतं. इंदूरची खोली तेवढे महिने सोडू नका, दुहेरी भाडं बसलं तरी बसू द्या.

आणि घर बघायला पत्नीला रविवारी आणू नका. रविवारी सगळं छान दिसतं. बुधवारी दुपारी दोन वाजता पाठवा, बाळासकट, बसने. तुम्ही त्या दिवशी विजयनगरलाच थांबा. संध्याकाळी त्या काय म्हणतात ते इथे नक्की लिहा.