मंगळवारी गोडं, बुधवारी खारं

पुण्यात वाढलेल्या आणि लग्नानंतर बेळगाव तालुक्यातल्या एका गावच्या सून झालेल्या ताईंचा प्रश्न आहे. गावात बऱ्याच वर्षांनी लक्ष्मीची यात्रा भरतेय. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "मंगळवारी गोडं, बुधवारी खारं. माहेरच्यांना बुधवारी घेऊन ये. मामंजी मात्र गोडाचेच हं." ताईंना वाटलं, बुधवारी चिवडा-फरसाण असेल. नवरा हसून म्हणाला, "अगं, मटण." आता त्या विचारतात, मटणाला खारं का म्हणायचं? आणि पुढे, थोड्या घुश्शातच: "देवीच्या यात्रेत मांसाहार कसा? हिंदू धर्मात तो निषिद्ध आहे ना? की हा शब्द झाकपाक करायला काढलाय?"

झाकपाकीचं आधी निकालात काढू. झाकायचा शब्द हळू आवाजात बोलतात. हा गावभर ओरडून बोलला जातो. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि पलीकडे चंदगड-गडहिंग्लजपासून कोल्हापूरपर्यंत गोडा निवद आणि खारा निवद ही जोडी कुणालाही समजावून सांगावी लागत नाही. निवद म्हणजे नैवेद्य. ज्या निवदात कोंबडं-बकरं आहे तो खारा, नाही तो गोडा. विशेषण असल्यामुळे ते नामाप्रमाणे बदलतं: खारा निवद, खारी पंगत, खारं जेवण, खाऱ्याची भांडी. अख्ख्या यात्रेच्या बोलण्यात 'मटण' हा शब्द एकदाही आला नाही तरी कुणाचं अडत नाही.

आता मिठाचं बघू. संस्कृत 'क्षार'वरून 'खार', त्यावरून 'खारा'. मीठ जास्त झालं की आपण 'खारट' म्हणतो, पण 'खारा'चा पैस त्याहून मोठा आहे. खारे शंकरपाळे, खारी बुंदी, खारी बिस्किटं यांत मीठ किती हा मुद्दाच नसतो. गोड नव्हे ते खारं, एवढंच सांगायचं असतं. 'गोड'चीही तीच गत. गोड्या पाण्यात, गोड्या तेलात साखर नसते, गोड्या मसाल्यातही नसते. जे उग्र नाही, झोंबत नाही ते गोडं. म्हणून आंबील, भाकरी, वांग्याची भाजी आणि भात एवढंच पानात असलं, साखरेचा कण नसला, तरी ते गोडं जेवण. माझा एक मुंबईचा मित्र यात्रेत गोडाच्या पंगतीला बसला आणि दहीभात संपेपर्यंत शिऱ्याची वाट बघत राहिला.

सीमाभागात या शब्दाला आणखी एक पदर आहे, कन्नडचा. कन्नडमध्येही 'खार' आहे आणि तोही 'क्षार'मधूनच आलाय, पण तिकडे त्याचा अर्थ तिखट. 'खारद पुडी' म्हणजे तिखटाची पूड. एकच शब्द, मराठीत मिठाकडे गेला, कन्नडमध्ये मिरचीकडे. आमच्या घरच्या एका लग्नात आचारी बैलहोंगलकडचा होता. आत्या त्याला म्हणाली, "आमटी खारी झालीय बघा." त्याने मान डोलावली आणि तिखट मोडायला चांगला लिंबाएवढा गुळाचा खडा टाकला. ती आमटी खारट आणि गोड दोन्ही झाली आणि पंगतीत तिची कीर्ती झाली. खाऱ्या निवदाच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषांचे अर्थ एकाच वाटीत बसतात, कारण त्या रश्श्यात मीठही असतं आणि मिरचीही. कोकणात याच निवदाला तिखटाचा नैवेद्य म्हणतात. म्हणजे कुणी मीठ धरलं, कुणी तिखट, पण मांस हे नाव कुणीच घेतलं नाही.

आणि इथेच या शब्दाची खरी गंमत आहे, असं मला वाटतं. 'शाकाहारी' आणि 'मांसाहारी' हे शब्द माणसाला चिकटतात. एकदा चिकटले की सोमवार असो की बुधवार, तुम्ही तेच. 'गोडं' आणि 'खारं' हे शब्द माणसाला नव्हे, वाराला, देवाला, भांड्याला चिकटतात.

माझी आज्जी खानापूर तालुक्यातली. तिच्या परसात भिंतीला एक मोठं काळं पातेलं उपडं घातलेलं असायचं. ते खाऱ्याचं पातेलं. ते कधी आतल्या चुलीवर चढलं नाही. खारं करायचं त्या दिवशी परसातली तीन दगडांची चूल पेटायची. कांदा-खोबरं भाजल्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि देवघराचं दार आज्जी स्वतः ओढून घ्यायची. जेवणं झाली की पातेलं राखेने घासून पुन्हा भिंतीला. कुणी विचारलं, "आज्जी, तू खात नाहीस?" तर उत्तर ठरलेलं: "आज सोमवार. आज मी खात नाही, उद्या खातो." (हो, 'खातो'च. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, पुण्याच्या सुनांनी दचकू नये.) ती शाकाहारी होती की मांसाहारी? सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, अख्खा श्रावण हे सगळं गोडं. होळीची कर (म्हणजे सणाचा दुसरा दिवस), संक्रांतीची कर, खंडेनवमी हे खारं. वर्षाचा हिशेब मांडला तर गोडे दिवसच जास्त भरतील. पण तिला 'शाकाहारी' म्हटलं असतं, तर ती पातेल्याकडे बघून हसली असती.

त्या 'खातो'कडेही जरा बघा. "पाहुणे खातात काय?" असं आमच्याकडे विचारतात. भात-भाकरी तर सगळेच खातात. पण कर्म न घेता एकटं आलेलं 'खाणं' म्हणजे मटणच. 'पिणं' एकटं आलं की दारू, तसंच हे. आणखी एक शब्द आहे, वशाट, म्हणजे मटणाबिटणाचं जेवण. तोही पदार्थाचा, फार तर घराचा: "आज त्यांच्यात वशाट हाय." माणूस वशाट होत नाही. माणसाला लावायला या बोलीत एकच ठसठशीत शब्द आहे, 'माळकरी'. पण तोही ताटावरून नव्हे, गळ्यावरून आलाय. पंढरीची वारी धरली, तुळशीची माळ घातली की खाणं सुटलं. तुमचे मामंजी बहुधा त्यातलेच असावेत. "माळ घातली" या दोन शब्दांत आहाराचा उल्लेखसुद्धा नाही आणि तरी सगळं सांगून होतं.

आता धर्माचं. "हिंदू धर्मात मांसाहार निषिद्ध आहे ना?" याला 'हो' म्हणणारे श्लोक आहेत आणि 'नाही' म्हणणारेही, कधीकधी तर एकाच पानावर. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात 55वा श्लोक 'मांस' शब्दाची फोड करतो: मां + सः. ज्याचं मांस मी इथे खातो, 'तो' 'मला' परलोकात खाईल, हेच मांसाचं मांसत्व. फोड म्हणून नामी आहे, व्युत्पत्ती म्हणून खरी नाही. 'मांस' फार जुना शब्द आहे, रशियनमध्ये तोच 'म्यासो' होऊन बसलाय, आणि रशियनांनी काही 'मां सः' केलेलं नाही. यास्काने निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीच्या जुन्या ग्रंथात, वेगळी फोड दिलीय: ज्यात मन बसतं ते मांस. खवय्यांना ही जास्त पटेल. आणि मनूच्या त्या श्लोकाच्या पुढचाच, 56वा, म्हणतो, "न मांसभक्षणे दोषः": मांस खाण्यात दोष नाही, मद्यात नाही, मैथुनात नाही, ती जिवांची ओढच आहे, निवृत्तीचं फळ मात्र मोठं. शेजारी शेजारी राहणारे हे दोन श्लोक. भांडणाऱ्या दोघांपैकी प्रत्येक जण आपापला श्लोक पाठ करून येतो.

महाभारतात अनुशासनपर्व मांस सोडण्याची थोरवी गातं. वनपर्वात मात्र मिथिलेचा धर्मव्याध दुकानात बसून मांस विकतो आणि दाराशी आलेल्या कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकवतो. तो सांगतो, मी स्वतः मारत नाही, स्वतः खातही नाही, दुसऱ्यांनी मारलेलं विकतो. याला कोणत्या रकान्यात घालणार? गीतेच्या 17व्या अध्यायात सात्त्विक, राजस, तामस आहार सांगितलेत. त्यात रसाळ, स्निग्ध, आंबट, खारट, तिखट, शिळं, उष्टं हे सगळं आहे, 'मांस' हा शब्द मात्र नाही. म्हणजे तिथेही चवीचीच भाषा. सासूबाई अगदीच एकट्या नाहीत.

पण म्हणून "सगळं चालतंय" असंही म्हणता येत नाही, निदान बेळगावात बसून तर नाहीच. बाराव्या शतकात बसवेश्वरांनी दया हे धर्माचं मूळ म्हटलं. त्यांचं एक वचन मला विसरता येत नाही: सणाला बळी द्यायला आणलेलं नवसाचं कोकरू तोरणासाठी आणलेला पाला खातंय. त्याला उद्याचं काही ठाऊक नाही. आमच्या भागातला लिंगायत समाज म्हणून मांसाला शिवत नाही. तेराव्या शतकात उडुपीच्या मध्वाचार्यांनी यज्ञात पिठाचा पशू करायला सांगितला, त्याला 'पिष्टपशू' म्हणतात. कोल्हापुरात ललिता पंचमीला त्र्यंबोलीपुढे कोहळा फोडतात. सौंदत्तीच्या यल्लम्माला पुरणपोळी, आणि उचगावच्या मळेकरणी देवीच्या आमराईत मात्र मंगळवार-शुक्रवारी चुली पेटत आलेल्या. देवळापुढे बळी देण्याला कर्नाटकात 1959 पासून कायद्याने बंदी आहे, पण घरच्या पातेल्याचा वार त्या कायद्याने ठरत नाही.

या सगळ्यातून लोकांनी वाट कशी काढली ते बघायचं असेल तर जुन्या पाट्या वाचा. हुबळी-बेळगावकडे 'लिंगायत खानावळ' आणि 'मराठा खानावळ' अशा पाट्या दिसतात. ('खानावळ' आमच्याकडून कन्नडमध्ये गेली आणि 'खानावळी' झाली.) या पाट्या जात विचारत नाहीत, ताटात काय आहे ते सांगतात. पहिलीत ज्वारीची भाकरी, मुळगाईची भाजी म्हणजे भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी. दुसरीत रस्सा. 'सावजी' लिहिलं असेल तर रुमाल हाताशी ठेवून बसावं. नव्या पाट्यांवर 'शुद्ध शाकाहारी' येऊ लागलंय. त्यातल्या 'शुद्ध'ने माझ्या पोटात जरा गोळा येतो, कारण मग शेजारच्या दुकानाला न बोलताच काहीतरी म्हटल्यासारखं होतं. 'गोडं' म्हटलं की 'खारं' अशुद्ध ठरत नाही.

जाता जाता, संस्कृताची कल्हई लावायच्या हौसेबद्दल. श्रावणाच्या आदल्या दिवशीच्या गटारीचं मूळ 'गतहारी' आहे, गत म्हणजे गेलेला आणि आहार, असा निरोप दर आषाढात मोबाइलवर फिरतो. गत आणि आहार यांचा संधी 'गताहार' होतो, 'गतहार' नव्हे. तेव्हा तो निरोप पुढे ढकलू नका. त्या अवसेला आमच्या घरी दिवे घासून पूजतात आणि संध्याकाळी खारं करतात, दोन्ही बिनबोभाट.

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न राहिला. माहेरच्यांसाठी पत्रिका छापायचीय, त्यात 'मांसाहारी भोजन' लिहू का? नका लिहू. गावात ते हॉटेलचं मेनूकार्ड वाटेल. 'मंगळवार: गोडा नैवेद्य, बुधवार: खारा नैवेद्य' एवढं पुरे, पुण्याच्या मंडळींना फोन करून अर्थ सांगा. सासूबाई मात्र आदल्या दिवशी तुम्हाला विचारतील, "तुझ्याकडचे गोडे किती, खारे किती?" तेव्हा वर मी जे म्हणालो, की हे शब्द माणसाला चिकटत नाहीत, ते तेवढ्यापुरतं खोटं ठरेल. आकडा नीट सांगा, त्यावर बकऱ्याचं वजन ठरतं. आणि एखादे काका बुधवारी उपास धरत असतील तर त्यांना गोड्यात मोजा, गुरुवारी पुन्हा विचारा.